जळकोटच्या भिंतींवरचे डोळे

आमच्या घरात देव नव्हता. देवासाठी भिंतीत कोनाडा होता, पण त्यात अप्पांची पत्रकं असायची. अप्पा म्हणजे माझे वडील. बुवाबाजीविरुद्धची, पाण्यासाठीची, शेतमजुरांच्या मजुरीसाठीची ती पत्रकं गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदावर छापलेली असत. मी वाचायला त्यांच्यावरच शिकलो. अंकलिपी हातात यायच्या आधी मला 'धिक्कार' वाचता येत होता.

देव नसला तरी आमच्यावर नजर ठेवणारं कुणीतरी घरात होतं. कोनाड्याच्या वर आईचा फोटो होता. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तिचा आवाज मला आठवत नाही, हातही आठवत नाही. माझ्यासाठी आई म्हणजे तो फोटो: मान किंचित कललेली, कपाळाला विभूती, आणि डोळे थेट माझ्यावर. जळकोटच्या त्या खोलीत कुठंही उभं राहिलं तरी ते डोळे आपल्याकडंच असायचे. अप्पांनी त्या फोटोला कधी हार घातला नाही, कधी हात जोडले नाहीत. मला मात्र खोटं बोलायचं असलं की मी अंगणात जाऊन बोलायचो.

पुढं मी लातुरात एका छोट्या दैनिकात लागलो आणि लग्न केलं. बायको हदगावची, चित्रकार. शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेला सगळा वेळ घरात चित्रं काढते. कचेरीत सह्या करून लग्न झालं त्या दिवशी अप्पांनी आईचा फोटो टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मला आता पाठ हाय."

लातूरच्या घरात तो आतल्या खोलीत, माझ्या लिहायच्या टेबलाच्या वर भिंतीला लागला. मी जे काही लिहिलं ते त्या डोळ्यांखाली. बातमीत एखादं वाक्य जरा वाकवावंसं वाटलं की मी वर बघायचो आणि ते सरळ करायचो. कुणाला हे भोळसटपणाचं वाटेल. मला ते माझ्या तत्त्वांचं मूळ वाटत होतं.

यंदा फाल्गुनात बायकोला नांदेडच्या एका प्रदर्शनात अख्खी भिंत मिळाली. तिच्या डोक्यात आधीपासून एक गोष्ट होती. खेड्यातल्या बाईचा घरात एकच मोठा फोटो असतो. त्या एकेका फोटोवरून कोळशानं माणसाच्या उंचीचे चेहरे काढायचे.

"तुझ्या जळकोटकडं जाऊ," ती म्हणाली. "तुमच्याकडं घरोघरी असे फोटो दिसतात. आमच्या हदगावकडं एवढे नसतात."

असं का, हा प्रश्न तेव्हा तिलाही पडला नाही आणि मलाही नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही मोटरसायकलवरून निघायचो. ज्वारी निघून गेली होती, रानात कडब्याच्या गंजी उभ्या होत्या, आणि माळावर पळस असा फुलला होता की लांबून वाटावं कुणीतरी बांधाला आग लावून गेलंय. ओळखीच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, मग घरचं कुणीतरी खुंटीवरून फोटो काढून पदरानं किंवा उपरण्यानं पुसून आणायचं. बायको मोबाइलवर त्याचा फोटो घ्यायची. लोक नाही म्हणत नसत. मात्र फोटो घेताना खोलीतली सगळी माणसं गप्प व्हायची.

एका घरी म्हाताऱ्यानं बजावलं, "काढा की. पर तिच्या म्होरं हसू नगा. तिला आवडत न्हाई."

"आवडत नव्हतं का काका?" बायकोनं विचारलं.

"नव्हतं बी. आन न्हाई बी."

 परत येताना ती माझ्या पाठीला कपाळ टेकवून म्हणाली, "तुझ्या गावचे लोक वर्तमानकाळ फार वापरतात रे."

आमचं घर गच्चीला लागून. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चेहरे उभे राहायला लागले आणि आमचं जेवण, झोप, पेपर वाचणं सगळं आतल्या खोलीत सरकलं. कोळशाची भुकटी कणकेत जायची, पोळीला राखाडी बोटं उमटायची. खिडकीतून कडुलिंबाची फुलं उडून येत आणि कागदांखाली साचत. खालच्या मजल्यावरच्या क्लासात पोरं एका सुरात उत्तरं घोकत असायची, आणि डाळमिलच्या बाजूनं वारा आला की सगळ्या घराला तुरीच्या टरफलांचा वास. असा आमचा वसंत.

तिची कामाची एक पद्धत आहे. फोटोवर बारीक चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखायच्या, आणि एकेक चौकट करत चेहरा उतरवायचा. केस, कान, जबडा, गळ्यातलं. डोळे अगदी शेवटी.

"आधी काढले तर मग बाकीचं मन लावून होत नाही," ती सांगायची. "बघत बसतात."

चैत्र तोंडावर आला आणि घरमालकीण काकूंनी गच्चीवर कुरडया घालायला घेतल्या. एका सकाळी चिकाचं पातेलं कडेला ठेवून त्या आमच्याकडं जुनं प्लास्टिक मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. भिंतभर चेहरे होते. त्यांनी एकेक करून सगळ्यांकडं बघितलं.

"कुणाच्या गं लेकी ह्या?"

"वेगवेगळ्या घरच्या आहेत काकू."

"हाऽऽ! येड्यात काढती व्हय? एका पोटच्या हायत की समद्या. डोळे बघ."

"नाही हो. ही एका गावची, ती दुसऱ्या. ही म्हातारी, ती तर पंचविशीतली."

"मग समद्या सारख्याच का बघून राहिल्या?" काकू म्हणाल्या. त्यांनी चिकानं भरलेला हात पदराखाली घेतला आणि प्लास्टिक न घेताच गेल्या. त्या दिवसापासून त्या गच्चीवर यायच्या तेव्हा आमच्या दारासमोरून न येता टाकीच्या मागून वळसा घालून यायच्या.

बायकोला ते लागलं. चित्रकाराचा हात मुरला की सगळ्या चेहऱ्यांना एकच डोळा यायला लागतो, ही तिची जुनी भीती. ती दिवसभर मोबाइलवरचे मूळ फोटो मोठे करून बघत बसली. संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा ती खोलीच्या मध्यभागी उभी होती, हातात ट्रेसिंग पेपरचा तुकडा.

"इकडं ये. बोलू नको, फक्त बघ."

तिनं एका चेहऱ्याचे डोळे त्या कागदावर उतरवून घेतले होते. तो तुकडा तिनं दुसऱ्या चेहऱ्यावर ठेवला. रेघेवर रेघ बसली. तिसऱ्यावर ठेवला. बसली. सगळे चेहरे ती एकाच मापाचे काढते, त्यामुळं लपायला जागा नव्हती. पापणीचं वळण तेच, बुबुळातला पांढरा ठिपका त्याच जागी.

"मी चुकले नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "फोटोतच असे आहेत. आणि हा ठिपका बघ. ह्या बाईच्या नाकाची सावली सांगते की उजेड उजवीकडून येतोय. मग डोळ्यात चमक डावीकडं कशी?"

मी भिंतीकडं बघितलं. आतापर्यंत त्या बायका होत्या. आता कुणीतरी एकच होतं, जे ह्या सगळ्या चेहऱ्यांच्या मागं उभं राहून भोकांतून बघत होतं.

ती पुढं म्हणाली, "ह्यांच्या माना पण बघ. सगळ्यांच्या कललेल्या. सगळ्यांच्या पाठीमागं भिंत. आणि कपाळावर केसांच्या कडेला ही पट्टी कसली? मी दागिना समजून काढून राहिले."

मग मला कळलं. आणि कळल्याबरोबर लाज वाटली, कारण हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्याआधी अंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीशी मांडी घालून बसवतात. मान पडू नये म्हणून कपाळाला कापडाची पट्टी बांधून ती मागं खुंटीला अडकवतात. हार घालतात, घरचे दोन्ही बाजूंना बसतात आणि फोटोवाल्याला बोलावतात. पुष्कळ बायकांचा आयुष्यातला पहिला फोटो तोच असायचा. मी लहानपणी असे किती फोटो बघितले होते, मिटल्या डोळ्यांचे. उघड्या डोळ्यांचा फोटो दिसला की तो जिवंतपणीचा, एवढंच मी धरून चाललो होतो.

"म्हणजे ह्या सगळ्या..." बायको म्हणाली.

"हो."

"आणि डोळे?"

"कुणीतरी नंतर रंगवलेत."

ती स्टुलावर बसली. काळ्या बोटांनी तिनं स्वतःच्या पापण्या दाबल्या आणि त्यावर दोन काळे डाग उठले.

मला राग आला. राग मला लवकर येतो. तो मला वारशानं मिळाला आहे. एक फोटोवाला गावोगावच्या मेलेल्या बायकांवर एकाच ठोकळ्यातले डोळे चिकटवतो, आणि घरचे त्यांच्यासमोर हसायला घाबरतात! मी तडक टेबलाशी बसलो आणि लेख लिहायला घेतला. मथळासुद्धा ठरला: 'मृतांच्या डोळ्यांचा बाजार'. पहिला परिच्छेद तर असा उतरला की अप्पांनी तो पत्रकावर छापला असता. ती मागं येऊन उभी राहिली आणि वाचू लागली.

"हे आज पाठवू नको," ती म्हणाली.

"का? माणसांना फसवलंय."

"पाठवू नको म्हणते ना."

"अगं पण का?"

 तिची नजर माझ्या डोक्यावरून भिंतीवर गेली आणि लगेच खाली आली.

मी वळून बघितलं नाही. लहानपणापासून ज्या जागी बघत आलो तिथं बघायची मला हिंमत झाली नाही. "कधीपासून माहीत आहे तुला?" एवढंच विचारलं.

"दुपारपासून. मी कागद तिच्यावर लावलेला नाही. तू म्हणशील तरच लावते."

मी लाव म्हणालो. तिनं आईच्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला, तो लॅपटॉपवर तेवढ्याच मापाचा केला आणि कागदातला एक डोळा वर ठेवला. मग तो पडदा माझ्याकडं फिरवला.

बसला होता.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. पन्हं केलं, भाजी आणली, लाइट गेली की गच्चीवर बसलो. घर चाललं होतं. पण मला आतल्या खोलीत बसवेना आणि बाहेरच्या खोलीतही बसवेना, कारण दोन्हीकडं तेच बघत होतं. कधी वाटायचं, एवढ्या बायकांत एकच नजर वाटून दिली आहे तर माझ्या वाट्याला कितवा भाग आला? मी अंगणात जाऊन ज्यांच्यापासून खोटं लपवत होतो ते कुणाचे डोळे होते? आणि ह्या सगळ्यात मोठा प्रश्न: आईचे कसे होते? हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. मी अप्पांना फोन केला आणि नुसतंच या म्हणालो.

ते पाडव्याच्या आदल्या दिवशी एसटीनं आले. पिशवीत ज्वारीचं पीठ, कैऱ्या. बाहेरच्या खोलीत पाऊल टाकताच थबकले. भिंतभर चेहऱ्यांकडं त्यांनी बघितलं, आणि मी काही विचारायच्या आतच चप्पल काढता काढता म्हणाले, "कळलं का तुमाला."

"तुम्हाला माहीत होतं अप्पा?"

"मीच करून आणलंय. मला न्हाई म्हाईत तर कुणाला?"

बायकोनं त्यांना आतल्या खोलीत बसवून पाणी दिलं. ते पूर्ण तांब्या प्यायले.

"तुमी दोघं बसा," ते म्हणाले. "माझ्या भावांनी तिला बसवली, फोटो काढला. मी बोललो न्हाई. तो फोटो भिंतीला लावला. तर तू रोज सकाळी त्याच्याखाली जाऊन बसायचा. म्हणायचा, आई कधी उठंल? मी सांगायचो, ती मेली, मेलेलं माणूस उठत न्हाई. तीन वर्षांच्या पोराला मी हे रोज सांगायचो. खरं ते खरं. तू ऐकायचा आन परत बसायचा वाट बघत. जेवायला बी तिथंच."

"मग?"

"मग एक दिवस तू मला म्हणला, हळू बोला, तिची झोपमोड होईल. त्या दिवशी फोटो भिंतीवरनं उतरवला आन उदगीरला फोटोवाल्याकडं गेलो."

बायकोनं सासऱ्यांना विचारलं, "मामा, त्या फोटोवाल्यानं विचारलं नाही का, डोळे कसे होते?"

अप्पांनी मान हलवली. "मी सांगायला लागलो तर म्हणला, त्याची काळजी करू नगा. माझ्याकडं डोळे हायत."

खालच्या क्लासातली पोरं थांबली होती. कडुलिंबाचं एक फूल दारातून दिसणाऱ्या एका चेहऱ्याच्या गालावर चिकटलं होतं, ते गळून पडलं.

"तर काय सांगणार होता तुम्ही त्याला?" मी विचारलं. "अप्पा, कसे होते तिचे डोळे?"

"कसे म्हंजे?" ते लगेच सुरू झाले, जणू हा प्रश्न सोपाच होता. "मोठे. वरची पापणी अशी जरा जड. बुबुळ काळंभोर, आन डाव्या अंगाला चमक..."

ते थांबले. आम्ही दोघंही त्यांच्याकडं बघत होतो. त्यांनी आपलं बोलणं परत मनात तपासून बघितलं असावं, कारण त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"हे फोटूतले सांगून राहिलो मी," ते म्हणाले.

"आठवा जरा."

"आठवतोय की!" ते माझ्यावर खेकसले. मग म्हणाले, "तो उलटा कर. भिंतीकडं तोंड कर त्याचं."

मी आईचा फोटो भिंतीकडं वळवला. बायकोनं बाहेरच्या चेहऱ्यांवर चादरी टाकल्या. अप्पा डोळे मिटून बसले. गालांचे स्नायू हलत होते. मी आयुष्यभर त्यांना लोकांसमोर उभं राहून बोलताना बघितलं आहे, लाठीसमोर बघितलं आहे. पण स्वतःच्या बायकोचा चेहरा अंधारात चाचपताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"ती येती," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "डोक्यावरच्या पाटीला हात लावून चाललेली येती. दारात उभी ऱ्हाती. मान वर करती आन... हेच. हेच हायत तिला." त्यांनी डोळे उघडले. "खाऊन टाकलं यांनी तिला. पुसून टाक."

"काय?"

"पुसून टाक म्हणतो. रंगच हाय ना? खाली मिटलेले हायत, ते तरी तिचे हायत."

हे मी म्हणायला हवं होतं. माझं सगळं लिहिणं हेच म्हणत आलं होतं. पण मी बायकोकडं वळलो ते ती म्हणेल की जमणार नाही, कागद फाटेल, ह्या आशेनं.

ती म्हणाली, "जमेल. जाडसर रंग आहे, वर बसलेला. ओल्या कापसानं निघेल. पण परत लावता येणार नाही. मी लावलाच तर तो माझा असेल."

तिनं फ्रेमचे खिळे काढले, काच बाजूला केली. फोटो टेबलावर आडवा ठेवला. काच नसलेली आई मी कधी बघितली नव्हती. त्या डोळ्यांचा रंग कागदाच्या वर उचलून आला होता, पापडीसारखा. ती कापूस भिजवून पिळून माझ्या हातात देत म्हणाली, "मी नाही करणार. तू कर."

मी डावा डोळा घेतला. आधी काहीच झालं नाही. मग कापूस करडा झाला, मग काळा, आणि बुबुळ एका बाजूनं वितळायला लागलं. त्या क्षणी मला खरंच वाटलं की दुसरा डोळा हे बघतोय. मी हात थांबवला नाही. चमक गेली, पांढरं गेलं. खाली पातळ, मिटलेली पापणी होती. तिच्यावर एक बारीक तीळ. इतकी वर्षं रंगाखाली असलेला तीळ. तो माझ्याही पापणीवर आहे.

आता एक डोळा मिटलेला होता आणि एक उघडा. अप्पा टेबलावर वाकले.

"थांब," ते म्हणाले. "हात काढ."

मी हात काढला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"अशीच करायची," ते म्हणाले. "सुई ओवताना. गोधडी घेऊन बसायची उजेडाला, दोरा ओठात वला करायची, आन एक डोळा असा मिटायची. मला म्हणायची, 'तुमी जगाला शानं करून ऱ्हायला, आदी मला एवढा दोरा ओवून द्या.'"

मी माझ्या आईचं ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ते अप्पांच्या तोंडून आलं, पण आवाज त्यांचा नव्हता; थोडा वरचा, थट्टेचा, शेवटाला लांबवलेला. बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं, म्हणजे तिलाही तसंच वाटलं असावं.

"दुसरा पुसू का?" मी विचारलं.

अप्पांनी मान हलवली, नको. खुर्ची ओढून ते फोटोसमोर बसले. उजेड खिडकीतून सरकत टेबलाच्या कडेला गेला तरी ते उठले नाहीत. शेवटी मी त्यांच्या शेजारी जाऊन विचारलं, "आणखी काय म्हणायची अप्पा?"

त्यांनी माझ्याकडं न बघता हात वर केला आणि मला गप्प केलं. खोलीत दुसरं कुणी बोलत असलं म्हणजे करतात, तसा.